जीपचा आवाज आणि माझा पाय

६ मार्च, सोमवार
केजला दूध घालून परत येताना ओढ्याच्या चढावर आज पुन्हा तेच. क्लच सोडला की मागून खट्! कुणी खालून हातोडा हाणल्यासारखं. एकदाच. मग गाडी मुकाट चालते. मागं कॅन धरून बसलेली शांता ओरडली, "अगं बया, काय तुटलं?" म्हटलं, काही नाही, दगड उडाला. आठवडाभर रोज त्याच जागी दगड उडतोय जणू.
भास्कर भावजींच्या कानावर जायला नको. धाकटे दीर आहेत, पण या स्टेअरिंगवर त्यांचा डोळा पहिल्या दिवसापासून आहे.

७ मार्च
सकाळी दूध संघाच्या केंद्रावर कॅन उतरवले. आता भरतातच किती. निम्म्या म्हशी चारा छावणीत, उरलेल्या घरी उपाशी. मग रशीदभाईंच्या गॅरेजला गेले. र.भा. खाली झोपले, शाफ्ट हातानं पिळून बघितला. "ताई, क्रॉस ढिला हाय. शाफ्टाचा सांधा हाय हा, घासला की खटखट करतो." नवीन क्रॉस टाकला. बाजारातून चक्कर मारली, आवाज नाही. लई बरं वाटलं.
मग संघाच्या बोअरवर टिपाड, गाडीतलं मोठं पिंप, गावासाठी पाण्यानं भरून घेतलं आणि निघाले. पाणी नेहमी शेवटी. भरलं टिपाड घेऊन बाजारात थांबायची सोय नाही. कुणी तांब्या पुढं केला तर नाही कसं म्हणायचं? गावात पोचेपर्यंत टिपाड निम्मं व्हायचं.
ओढ्याच्या चढावर खट्.
डोंबल गेला आवाज.

९ मार्च
आज नेमके भा. (भास्कर भावजी) केजहून माझ्या गाडीत बसले. चढावर वाजलं. ते वाटच बघत असल्यासारखे हसले.
"वहिनी, पाय जड हाय तुमचा. क्लच झटक्यानं सोडता. गाडी चालवायला अंदाज लागतो."
म्हटलं, "भावजी, तुमचा अंदाज माहीत आहे. मागच्या पोळ्याला ट्रॅक्टर विहिरीच्या कठड्यावर नेलता."
त्यांनी घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलंच. सासूबाई म्हणाल्या, "कावून उगं जिवाला घोर लावून घेती? दे की त्याला." नाही देणार.

१२ मार्च, रविवार
आमच्या बायांच्या दूध संस्थेची बैठक. अध्यक्ष गयामावशी. त्यांच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नाही, मी तर नाहीच. भा. न बोलावता दारात येऊन उभे.
मावशी म्हणाल्या, "कमल, तू चांगली चालवतीस, माज्या मनात काय न्हाई. पन गाडी मधीच बसली तर दूध नासंल. दूध नासलं की संघ आपल्या गावाची फेरीच बंद करतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसू. तवर आवाज गेला न्हाई तर चावी भास्करला दे."
सगळ्या बाया माझ्याकडं बघायचं टाळत होत्या. मान हलवली, काय करणार.
ही जीप बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या लिलावात बायांनीच घेतली. चालवायला कोणी पुढं येईना, तेव्हा ह्यांनी मला आटलेल्या तलावात नेऊन शिकवलं. तलावात आपटायला काहीच नव्हतं. नुसत्या भेगा. तिथं मी पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला आणि वेड्यासारखी हसत सुटले. ते सोडून द्यायचं?

१४ मार्च
भा. हट्टानं सकाळी सोबत. जाताना तेच चालवत होते. ओढ्यात उतरून पलीकडचा चढ चढले, आवाज नाही. गॅरेजसमोर पुढं-मागं केली, आवाज नाही. "बघा," भा. म्हणाले.
र.भा. नी मागच्या आसाचा गोळा, ते डिफरन्शियल, उघडला. आतले दात बोटानं चाचपले. "दात साबूत हायेत. जुनी गाडी, थोडी ढील चालायची." मग हात पुसत, खाली बघत म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. क्लच जरा हळू सोडत जा."
म्हणजे र.भा. पण!
भा. तहसीलच्या कामाला तिथंच उतरले. मी बोअरवर पाणी भरून एकटी निघाले. चढावर अगदी श्वास धरून पाय उचलला. खट्.
गाडी बाजूला घेऊन रडले. खोटं कशाला लिहू.

१६ मार्च
चप्पल काढून चालवते आता. मांडीवर झोपलेल्या लेकराचं डोकं उशीवर ठेवावं तसा क्लच सोडते. तरी वाजतं. शांता म्हणते, तू आधी चांगली चालवायचीस. आधी! कालपर्यंत चालवत होते ना गं?
मलाच आता वाटायला लागलंय की पायात खोट आहे.

१९ मार्च, रविवार
ह्यांचा फोन. तिकडं नदीकाठच्या कारखान्यावर ट्रॅक्टरवर आहेत, आपल्याकडं यंदा ऊसच नाही. सगळं सांगितलं. आधी भावाला दोन शिव्या घातल्या. मग म्हणाले,
"कवा वाजतं? जाताना का येताना?"
"येताना."
"मग जाताना काय दुसरीचा पाय लावून जाती का तू?"
हसू आलं. मग फोन ठेवल्यावर डोकं चालायला लागलं. जाताना पण ओढ्याचा चढ असतोच की, पलीकडच्या बाजूचा. तो तर जास्त उभा आहे. तिथं कधीच नाही वाजलं.
मग येताना काय वेगळं?
जेवताना पण तेच डोक्यात. भाकरी करपली, सासूबाई बोलल्या.

२१ मार्च
बोअरला लाईट नव्हती. दुपारपर्यंत थांबले, आली नाही. रिकामं टिपाड घेऊन निघाले. गावात बाया काय म्हणतील याचीच काळजी, आवाजाचं ध्यानातच नव्हतं. चढ संपला तेव्हा लक्षात आलं.
वाजलं नाही.
गाडी मागं उतरवली, परत चढवली. मुद्दाम मधे थांबून सोडला क्लच. नाही. मग रागानं, झटका देऊन सोडला, भा. म्हणतात तसा. गाडीनं उडी मारली, पण खट् नाही!
टिपाड. पाण्याचं वजन. जाताना कॅन निम्मेच, गाडी हलकी. र.भा. कडं गाडी जाते ती कायम रिकामी, कारण पाणी आपण शेवटी भरतो. त्यांना ऐकू कसं येणार? एवढी साधी गोष्ट. आणि मी येडी पायाला दोष देत बसले. ओढ्यात उभं राहून मोठ्यानं म्हटलं, "माझा पाय चांगला आहे!" शेळ्या राखणारा म्हातारा बघत राहिला.

२२ मार्च
गयामावशींना सांगितलं की भरलं टिपाड गॅरेजला न्यायचंय.
"पानी घिऊन बाजारात? येडबिड लागलं का तुला? आन उद्या पाळी कुनाची हाय माहिताय ना?"
माहीत होतं. उद्याचं पाणी त्यांच्याच आळीचं.
मावशींनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाल्या, "जा. झाकनावर बसून राहा, उठू नको."

२३ मार्च
आधी पाणी भरलं, मग गॅरेजला गेले. र.भा. बघतच राहिले. त्यांना म्हटलं, मी क्लच सोडते, तुम्ही मागच्या चाकाजवळ बसून नुसतं बघा. मागच्या चाकासमोर दगड लावला. पहिला गिअर, क्लच सोडला. खट्!
"फिरसे, ताई!" खट्! "और एक!"
उठले ते कपाळावर हात मारत. "आस सरकतो ओ, आख्खा! स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटलाय, आसाला आवळनारे यू-बोल्ट पन ढिले. रिकामी असली तर जागेवर बसतो, वजनात जोर लागला की सरकून आपटतो." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "तुमचा पाय न्हवता. मी उगं बोललो." मला एवढं बास झालं.
पण पाटे सोडायचे तर गाडी उचलायची, आणि उचलायची तर रिकामी पाहिजे. पाणी कुठं ओतायचं? र.भा. चं घर गॅरेजच्या मागंच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या भाभी, हंडे, बादल्या, डेग, जे होतं ते सगळं घेऊन आल्या. भांडी सगळी कोरडी ठणठणीत. त्यांच्या गल्लीत कित्येक दिवस नळ नाही, तरी आमचं पाणी भरून ठेवलं आणि वरून फडकी झाकली. पोरांना हात लावू दिला नाही.
काम झाल्यावर पाणी परत टिपाडात ओतायला लागल्या. तेव्हा मी दोन हंडे ओतू दिले नाहीत. भाभी नको नको म्हणत होत्या. म्हटलं, राहू द्या. मावशींचं पाणी, आणि दान मी करतेय. बघू काय बोलतात ते.
येताना चढावर आवाज नाही.
मावशींच्या आळीत ओरडा झालाच. "पानी कमी कावून?" सांगितलं खरं ते. मावशींनी आपली घागर सगळ्यात शेवटी भरली.

२४ मार्च
भा. चं नवीन. "टिपाड पुरतं भरलेलं नव्हतं म्हणून वाजलं न्हाई, वहिनी. पुरं भरून आणा, मग बोला."
इतका राग आला की पिठाचा डबा आपटला. पण खरं असलं तर?

२५ मार्च, शनिवार
मावशी म्हणाल्या, मी सोबत येते. केजला टिपाड काठोकाठ भरलं. मावशी पुढं, भा. मागं टिपाडाला धरून. 
चढाच्या मध्यात गाडी थांबवली.  मागून भा., "हळू सोडा हां, वहिनी."
मी चप्पल घातली. आणि पाय एकदम उचलला.
गाडीनं हिसका दिला. टिपाडाचं झाकण उडालं, पाणी उसळून भा. च्या अंगावर. आणि खालून काही नाही. नुसतं इंजिन, आणि भा. चं "अय अय अय".
मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग लगेच गंभीर. "पानी सांडलंस."
"हो."
"उद्या बैठक हाय."
"हो."
"चल आता, बाया वाट बघत आसतील."
बैठकीत काय ठरेल ते ठरेल. भा. पुन्हा काहीतरी काढतीलच, मावशींच्या मनातलं तर कधी कुणाला कळलंय. चावी रात्री खुंटीला अडकवते रोज. आज उशाला घेतलीय.