चारशे ग्रॅमची उशी

मंगळवार, ४ मार्च
गाडी आली! आणि ज्याने दोन वर्षं तिची वाट पाहिली, त्यालाच चालवायची बंदी! डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्याच आठवड्यात सांगितलं — "मधलं दिसत नाही तुम्हाला, फक्त कडेचं दिसतं. आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही." त्यावर आमचा नवरा, फिर्मां, म्हणतो कसा, "कडेचं दिसतं ना? मग निदान पार्किंग तरी करू द्या!"

बाई हसल्या नाहीत. मी हसले. घरी येऊन न्हाणीघरात रडले.

बुधवार, ५ मार्च
निळी, बसकी, माझ्या छातीइतकीसुद्धा उंच नाही. इंजिन आपल्या पाठीशी. मागे काच नाही — काच जड म्हणे! तिथे काळं कार्बनचं झाकण. काच नाही म्हणून मधला आरसाही नाही. दार आतून ओढायला मूठ नाही, कापडी पट्टी. मी म्हटलं, "अरे, मागून कोण येतंय ते कळायला नको?" तर म्हणे, "हिच्या मागे कुणी टिकतच नाही."

मोजक्याच बनवल्यात, आमच्याच दिएप गावच्या कारखान्यात. फिर्मांने तिथे उभा जन्म घालवला. काम एकच — ग्रॅम कमी करायचे. "ताकद कुणीही वाढवेल गं, वजन उतरवायला अक्कल लागते!" हे बोलताना पावाला बोटभर लोणी लावत होता. स्वतःच्या वजनाचं विचारायची सोय नाही.

शनिवार, ८ मार्च
आन्सेल्म आला. माझा धाकटा भाऊ. चीजचं दुकान सोडून गाडीभोवती घिरट्या घालत बसला. मग हळूच — "भावोजी, गाडी उभी राहिली की कुजते. मला देऊन टाका. दर रविवारी फिरवून आणीन तुम्हाला."

फिर्मां म्हणाला, "विचार करतो." म्हणजे देणार! आणि जेवताना ताटात लोण्यातले शिंपले तसेच टाकले. फिर्मांने! शिंपले!

भांडी घासताना, मागे न बघता, मी बोलून गेले — "मी चालवते."

हसता हसता त्याला ठसका लागला. "तू? तुला तर हातगाडीवाला हॉर्न देतो!" मग म्हणाला, "शनिवारपर्यंत दाखव. गोगलगाय मला ताटात आवडते, रस्त्यावर नाही. जमलं नाही तर गाडी आन्सेल्मची."

कशाला बोलले मी? जीभ आहे की काय आहे!

सोमवार, १० मार्च
सीट हलत नाही! हलवायची यंत्रणा जड, म्हणून काढली. वर्कशॉपमध्ये पान्यानेच बसवायची. ती बसवली फिर्मांच्या लांब तंगड्यांच्या मापाने. माझे पाय अधांतरी. मी दिवाणखान्यातली उशी आणून पाठीला लावली.

त्याने ती उपसून हातावर तोलली. "चारशे ग्रॅम!" घरात मढं आणलं असतं तरी इतका ओरडला नसता. "अगं, चारशे ग्रॅमसाठी मी अख्खा हिवाळा भांडलोय!"

"मग तू उतर. एकशे चार किलो वाचतील."



मंगळवार, ११ मार्च
वर्कशॉपमध्ये सीट पुढे घेतली. फिर्मां शेजारी उभा राहून बोटांनी चाचपत होता, बरोबर बसली का. आता ती माझ्याच मापाची. पट्टे मात्र भयंकर! भट्टीत भाजायला जाणाऱ्या मांसासारखं आवळून बांधतात.

बुधवार, १२ मार्च
ट्रॅक्टरने मागे टाकलं. बीट भरलेल्या!

फिर्मां म्हणाला, "बाहेर धुकं आहे का?" नाही म्हटलं. "बर्फ?" नाही. "मग तू कुणाच्या मयताला चालली आहेस?"

घरी आल्यावर फोनवर आन्सेल्मशी बोलत होता. "शनिवारी ये" एवढं ऐकू आलं. खोटं कशाला लिहू — मला रागच आला. स्वतःचाच.

गुरुवार, १३ मार्च
ट्रॅक्टरला मी मागे टाकलं. ट्रॅक्टर उभा होता, पण टाकलं!

शुक्रवार, १४ मार्च
शेवटचा दिवस. सकाळीच निघालो, समुद्राकडच्या चढावर. फिर्मां म्हणाला, "हा रस्ता मला पाठ आहे. इथेच गाड्या पळवून बघायचो. मी सांगतो, तू फक्त ऐक."

त्याने डोळे मिटले आणि सुरू झाला. "सरळ. दाब. अगं दाब ना, मुंगी मारायची आहे का? आता ब्रेक. सोड! उजवं वळण. आता दाब!"

दाबला. बाई गं! पाठ सीटला चिकटली, मागे इंजिन गरजलं, चार सेकंदांत काटा शंभरावर. आमची जुनी मोटार वळणावर अडेल गाढवासारखी बाहेर ओढायची. ही माझा विचार पुरा व्हायच्या आत वळलेली! तेव्हा मला ग्रॅम कळले. तो हिवाळाभर का भांडला तेही कळलं. मी ओरडत होते आणि तो पोट धरून हसत होता.

वर थांबलो. "समुद्र कसा आहे?" त्याने विचारलं. मी सांगितलं — करडा, एक होडी, तिच्यामागे पाखरं.

"ओर्तांस, मला वाटलं होतं, संपलं सगळं."

मी इंजिन सुरू केलं. म्हटलं, "परत एकदा?"

"परत एकदा!"

शनिवार, १५ मार्च
पुढचं काल लिहवलं नाही. त्या "परत एकदा"ला झाडाआड पोलीस होते. पोरसवदा पोलीसबाई म्हणाली, "आजी, ऐंशीच्या रस्त्यावर एकशे सव्वीस!" फिर्मां आतून ओरडला, "सव्वीस? नक्की? नीट बघा, जास्त असेल!" माझं लायसन्स जागच्या जागी काढून घेतलं.

गाडी आणायला आन्सेल्मला बोलावलं. सीट माझ्या मापाची, म्हणून गुडघे कानाला लावून, घामाघूम होऊन, कशीबशी घरी पोचवली त्याने. आम्ही बसने आलो, हातात हात घेऊन. आज फिर्मांने त्याला सांगून टाकलं, "गाडी द्यायची नाही. माझी बायको चालवते ती."

तर, गाडी आमचीच! आणि ती चालवू शकेल असं माणूस आता घरात एकही नाही.