पिवळं पडू नये म्हणून

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशीलच. नसतीस तर त्याचा दोष मला देणारं पत्र एव्हाना आलं असतं. आम्ही सगळे मजेत. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, तेव्हा पत्रंच बरी, हा तुझा विचार पटला. कागदावर निदान एकीचं बोलणं पूर्ण होतं.

तुझ्या नव्या घराचं वर्णन वाचून डोळे निवले. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे आणि खिडकीशी चहाचं पांढरं टेबल! मुख्याध्यापिका निवृत्त झाली, पण खडू काही हातातून सुटला नाही म्हणायचा.

माझं काम जोरात आहे. सुतारकाकांच्या कारखान्याचा मागचा अर्धा भाग आता पूर्णपणे माझा. त्यांचा भुसा उडतो आणि माझं रेझिन सुकायचं असतं, त्यामुळे आमचं सासू-सुनेसारखं चाललेलं असतं. मध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा लावलाय, तोंडं दिसतात पण कुरबुर थांबत नाही. गेल्या आठवड्यात एका टॅक्सीवाल्याने त्याच्या मेलेल्या पोपटाचं पीस आणलं, रेझिनमध्ये बंद करून किल्लीला अडकवायला. दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या, त्यांना नवऱ्याची कवळी पेपरवेटमध्ये हवी होती. मी हळूच विचारलं, आजोबा कधी गेले? म्हणाल्या, "गेले कुठे, बाहेर बसलेत! नवी करून घेतली त्यांनी. या जुनीने वीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, तिला आता जरा गप्प बसलेलं बघायचंय."

आता तुझा प्रश्न. रेझिन पिवळं पडतं म्हणतात, मग त्यात ओतून ट्रे करायच्या आईच्या क्रोशाच्या रुमालाचं काय? पडतं ताई, पण निगा राखली तर वर्षानुवर्षं काही होत नाही. मुख्य वैरी ऊन. म्हणून उन्हाला टिकणारं रेझिन घ्यायचं आणि तरीही वस्तू खिडकीत ठेवायची नाही. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर काट्यावर तोलून घ्यायचं, अंदाजपंचे नाही. जाड थर एकदम ओतला की आतल्या आत तापतो आणि तापला की रंग बदलतो, म्हणून पातळ पातळ थर, एक बसला की दुसरा. आणि हार्डनर ताजा हवा. उघडून ठेवलेली बाटली चहाच्या रंगाची होते. ती कितीही भरलेली असली तरी फेकून द्यायची. कितीही जीव तुटला तरी. हे मी तुला अगदी शपथेवर सांगते.

ट्रे होतोय. अशा कामात घाई करून भागत नाही. हे वाक्य मी लिहिलंय यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण अक्षर माझंच आहे. तू रुमालासोबत पाठवलेली चिठ्ठी, 'तूच कर' एवढीच, मी टेबलासमोर भिंतीला चिकटवली आहे. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर दोन शब्द, म्हणजे वर्षाला एक. चिक्कू कुठली!

तुझी,
भिंगरी

ता. क. क्रोशात 'मुका खांब' म्हणजे नेमका कोणता टाका गं? एका गिऱ्हाइकाला माहिती हवी आहे.


२२ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. खांबांची आकृती काढून पाठवलीस, फार उपयोग झाला. गिऱ्हाइकाला, म्हणजे. आकृतीखाली 'नीट बघून घे' असं लिहायची काही गरज नव्हती. माझं वय पन्नास आहे.

बातमी अशी की ट्रे तयार आहे. काचेसारखा स्वच्छ. एक बुडबुडा दाखव आणि माझं नाव बदल. सूत रेझिन पिऊन फिकट दिसू नये म्हणून आधी रुमालाला पातळ गोंदाचे तीन हात दिले. मग पाच थरांत ओतकाम केलं. त्याआधी चार प्रकारच्या रेझिनच्या पट्ट्या पाडून, अर्ध्या झाकून, अर्ध्या उघड्या, दोन महिने उन्हात टांगल्या होत्या. तीन पिवळ्या पडल्या. चौथी जशी होती तशी राहिली, तीच वापरली. सुतारकाका म्हणाले, "बाई, एवढी पारख करून तर मी जावई पण निवडला नव्हता."

बाकी ठीक. उजव्या हाताचं मधलं बोट जरा सोललंय. काही विशेष नाही. यांना डाळीत मीठ कमी लागतं तेवढी एक तक्रार आहे, बायको सारखी खालमानेने काय करत असते ही दुसरी.

पुढच्या आठवड्यात नीट बांधून पाठवते.

तुझी,
भिंगरी


६ मे

प्रिय ताई,

नमस्कार. ट्रे पाठवलेला नाही. खोक्यात भरला होता, वर चिकटपट्टी लावली होती, पत्ता घातला होता. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

तू लिहिलंस की टेबलावर जागा मोकळी ठेवली आहेस. लिहिलंस की रोज सकाळचा चहा घेताना तू त्या ट्रेवर हात ठेवणार आहेस, कारण तिथे आईची बोटं फिरली आहेत. तू असं काही लिहू शकतेस हेच मला माहीत नव्हतं. मी ते पत्र भुशाच्या ढिगावर बसून वाचलं आणि मग खोकं उघडलं.

ताई, त्या ट्रेमध्ये आईचा रुमाल नाही. तो मी विणलाय.

आता पहिल्यापासून सांगते, पण मधे उठू नकोस. डिसेंबरात मी रुमाल ओतला. नवं सामान यायला आठवडा होता आणि कपाटात अर्धी बाटली जुना हार्डनर पडून होता. रंग चहासारखा झाला होता, मला दिसत होतं. पण आपण कोणाच्या मुली! दातांच्या पेस्टची नळी लाटण्याने लाटून वापरणारीच्या. मला वाटलं, एवढा चांगला माल टाकायचा कसा? शिवाय आईचाच रुमाल, तिला टाकलेलं आवडलं नसतं. हा युक्तिवाद मी स्वतःशी मोठ्याने केला आणि जिंकले. ओतलाही एकदमच, एका थरात, कारण मला तो संध्याकाळपर्यंत बघायचा होता.

सुरुवातीला अगदी छान दिसत होता. म्हणून मी पुढचा गाढवपणा केला. तो मागच्या रस्त्याकडच्या खिडकीत उभा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं, थांबावं आणि विचारावं की कोणी विणलं हो एवढं सुंदर, आणि मी सांगावं, माझ्या आईने. तीन आठवडे सांगत होते, ताई. पोस्टमनला सांगितलं, पाववाल्याला सांगितलं. जानेवारीत एका मुलीने विचारलं, "हा पिवळा दोरा कुठे मिळतो?" तेव्हा मी पाहिलं. आणि एकदा कडक झालेल्या रेझिनमधून काही बाहेर काढता येत नाही. वरून घासून पाहिलं, काही फरक नाही. पिवळेपणा आतपर्यंत गेलाय.

आई गेल्यावर तू मावशीसमोर म्हणाली होतीस की भिंगरीच्या हाती दिला तर रुमालाचं महिन्याभरात पोतेरं होईल. त्याच वाक्यावर आपण दोन वर्षं तोंड फिरवून बसलो. आणि तुझा तो महिनाभराचा अंदाजही बरोबर निघाला. हे तुला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी सुई आणली.

मला क्रोशा येत नव्हता हे तुला माहीत आहेच. आईने तुला शिकवलं आणि मला म्हणाली, "तू भिंगरी, तुझ्या हातून नाही व्हायचं." मी चाळीस वर्षं हसत हसत तेच सांगत आले. हसू खोटं होतं. मला तुझा हेवा वाटायचा, चांगला मोठा, ठसठशीत हेवा. तुम्ही दोघी खिडकीत बसून टाके मोजायचात आणि मी मुद्दाम खोलीभर उड्या मारायचे.

गेले चार महिने पिवळा ट्रे समोर ठेवून, भिंग लावून, एक एक टाका मोजला. दहा वेळा उसवला. सुतारकाका पडद्याआडून म्हणायचे, "आज किती खांब उभे केले? माझं घर बांधून झालं असतं एवढ्यात." आई गाठ कशी लपवते, दोरा कुठे ओढते, कुठे कंटाळून सैल सोडते, सगळं दिसलं. हो, ती कंटाळायची! नवव्या पाकळीपासून बाईसाहेब सरळसरळ उरकत होत्या. तुला कधी कळलं होतं हे? मला कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ रडले. मला वाटलं, ती मला शिकवतेय. उशिरा, पण शिकवतेय.

माझा रुमाल छान झालाय. तुला ओळखू आला नसता, आणि मी आयुष्यभर गप्प बसले असते. बसलेही असते गं. पण तू रोज सकाळी माझ्या टाक्यांवर हात ठेवून आईशी बोलणार, हे मला सहन होत नाही.

हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते, दोन्ही ट्रे घेऊन. तुला ओरडायचं असेल तर दारातच ओरड, शेजाऱ्यांचीही ओळख होईल. दार उघडायचं नसेल तर पिवळा उंबऱ्याशी ठेवून परत फिरेन. त्याला उन्हापासून लांब ठेव, आहे त्यापेक्षा आणखी पिवळा व्हायला नको. पांढऱ्या टेबलावर तो विटका दिसेल, त्याला माझा इलाज नाही. पण आत सगळे टाके तिचेच आहेत, एकही सुटलेला नाही, मी मोजलेत.

पांढराही आवडला तर ठेवून घे. पण माझा म्हणून ठेव.

तुझी,
आणि आईचीही, धाकटी