हिरव्या पायांची फटाकडी

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि मी अजून तुमच्या फटाकड्यांतच अडकले आहे.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. तुम्ही दिग्रसला मास्तर, आणि यवतमाळच्या शिक्षकांच्या सभेत तुम्हाला भाषण करायचं होतं, लाल फटाकडी आणि तपकिरी फटाकडी यांतल्या फरकावर. दोन्ही तळ्याकाठच्या गवतात दडून राहणाऱ्या पाणकोंबड्या. लाल तुम्ही पाहिली होती, तांबड्या पायांची. तपकिरीसाठी तुम्ही छत्री उघडून तासन् तास चिखलात बसता. आई पलीकडे धुणं आपटता आपटता ओरडते, "अवं, तुमी दडून बसता, मंग तेबी दडूनच राह्यते ना!" आणि लाल फटाकडी खुशाल तिच्या बादलीपाशी चरते. तुमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होतो.

सभेच्या आदल्या दिवशी तुम्हाला ताप आला, म्हणून पहाऱ्यावर मला पाठवलंत. मी बांधावर बसून बोरं खाल्ली आणि झोपले. परत आले तर तुम्ही गोधडीतून उठून बसलेले. "दिसली?" तुमचे डोळे असे झाले होते की मला नाही म्हणवेना. दिसली म्हटलं. "पाय?" हिरवे. "शेपटी?" समोर आई तुमच्यावर चिडून पदर झटकत होती. "अशी झटकते," मी म्हटलं. तुम्ही सगळं वहीत उतरवून घेतलंत.

सभेत बाभुळगावचे एक मास्तर उठले. "तिचे पाय बी तांबडेच असते. तुमी स्वतः पाह्यली काय?" तुमचं सगळं भाषण त्या हिरव्या पायांवर उभं होतं. तुम्ही मला पुढे बोलावलंत. "सांग बेटा, कसे पाय?" मी म्हटलं, "हिरवे." तुम्ही छाती काढून म्हणालात, "माह्या पोरीनं पाह्यलं. विषय संपला!" सगळी सभा हसली. त्यानंतर तुम्ही कधी भाषण केलं नाहीत. स्टँडवर मला मात्र गरम भजी घेऊन दिलीत. ती मी सगळी संपवली.

काल त्याच तळ्यावर तपकिरी फटाकडी दिसली, जन्मात पहिल्यांदा. पाय तांबडे आहेत, बाबा. हिरवट आहे ती चोच. मला फार लाज वाटली. मग तिनं शेपटी झटकली, थेट आईच्या पदरासारखी. तेवढं बरोबर निघालं, पण तेही मी पाहिलं नव्हतं.