राहत्या घरातल्या पुरणपोळ्या

प्रिय केयूर,

एकाच शहरात राहून आईला पत्र लिहायची काय हौस आली, असं वाटेल तुला. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'अरे ऐक तरी' म्हणते, तोवर तू 'आई, टेन्शन घेऊ नकोस, मी बघतो' म्हणून मोकळा होतोस. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही. हिंजवडीहून येताना बस ट्रॅफिकमध्ये अडकेलच, तेव्हा वाच.

नोटीस अजून जिन्याजवळच्या फळ्यावर आहे. राहत्या सदनिकेत विक्रीचा व्यवसाय करण्यास मनाई असल्याने नऊ नंबरमधील पुरणपोळ्यांची विक्री महिनाअखेर बंद करावी. तक्रारदार अनिरुद्ध लिमये, आणि सचिव म्हणून सहीसुद्धा त्यांचीच. परवा पार्किंगमध्ये तू त्यांना जे बोललास ते सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. रिकाम्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याचं चांगलं चाललेलं बघवत नाही म्हणालास. अरे, काय ते बोलणं! मी गॅलरीत उभी होते, मला वर पाहवेना की खाली. ते दुधाची पिशवी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि 'बरं' म्हणून जिना चढले. एरवी एका शब्दाला चार टोमणे मारणारा माणूस! डिलिव्हरीवाले चुकून त्यांची बेल वाजवतात म्हणून दारावर पाटीच लावलीय त्यांनी, 'पुरणपोळ्या वरच्या मजल्यावर मिळतात. इथे नुसते आम्ही राहतो.' त्यामुळे तक्रारीखाली त्यांचं नाव बघून कुणालाच नवल वाटलं नाही.

तुला आठवतं ना हे कसं सुरू झालं ते? बाबांचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या होळीला मी सवयीने घरभर पुरेल एवढं पुरण शिजवून बसले, आणि खाणारी मी एकटी. मग वर-खाली सगळ्यांकडे पोळ्या दिल्या. सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि तुला वाटलं, विकायला घेतल्या तर आईचं मन रमेल. रमलंही रे, खोटं कशाला बोलू? तव्यावर पोळी टम्म फुगली की मला अजूनही बरं वाटतं. तू डब्यांवर माझा फोटो छापलास, खाली 'आईच्या हातची'. पहिला डबा मी माझ्या जुन्या मैत्रिणीला, हेमाला दाखवायला मुद्दाम कसब्यात घेऊन गेले होते. आता त्या फोटोकडे बघते तेव्हा वाटतं, ही बाई रात्रभर झोपलेली दिसतेय.

खांदा दुखतो म्हटलं तर तू पुरणयंत्र आणलंस. दमायला होतं म्हटलं, तर हाताखाली बाई दिलीस, ते छानच केलंस, पण त्याच आठवड्यात ऑर्डरीही दुप्पट घेतल्यास. एकदा मन घट्ट करून म्हटलं, पुरे आता. तू म्हणालास, तू कुठे म्हातारी झालीयस! आणि मला जवळ घेतलंस. एवढ्या मायेने बोलल्यावर पुढे काय बोलायचं, सांग. माझा हात वर जात नाही, केस विंचरायला मान खाली घालावी लागते. साडी कितीही धुतली तरी जायफळाचा वास जात नाही. सोफ्यावर डबे, बाबांच्या खुर्चीत डबे. परवा सुहासिनीमावशी आली तर ओट्याशी उभ्याउभ्याच चहा पिऊन गेली. नोटिशीतलं 'राहती सदनिका' वाचून मला हसूच आलं. इथे राहतंय कोण?

गणपतीत तू पेढे घेऊन आलास. दिवाळीनंतर नोकरी सोडतो, आता हेच मोठं करू, तू आणि मी, म्हणालास. मी 'वा' म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यावर बसले. तू नोकरी सोडलीस की मला आयुष्यभर 'नाही' म्हणता येणार नव्हतं.

आता तू वकील गाठलायस, सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकून सह्या मागतोयस, महापालिकेपर्यंत जाईन म्हणतोस. तिसऱ्या मजल्यावरची स्वराली कालच डोळ्यांत पाणी आणून विचारत होती, काकू, माझं फॉल-पिकोचं मशीनही बंद होणार का हो? आजवर तिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलेलं नाही. तू भांडायला लागलास की घराघरांत चौकश्या होतील. ते पोर उगीच भरडलं जाईल.

केयूर, लिमयांनी तक्रार केलेली नाही. गणपती उठल्यावर मीच त्यांच्याकडे गेले होते. म्हटलं, असा काही नियम असेल तर तो जरा मला लावा ना. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मुलाला सरळ सांगायला काय होतं, म्हणाले. मला रडूच आलं. मग चष्मा पुसत म्हणाले, तक्रारीला नाव लागतं, माझं घालतो. तसाही मी बदनामच आहे. तू एवढं बोललास तरी त्या माणसाने तोंड उघडलं नाही. मलाच आता हे सहन होत नाही. नोकरी सोडू नकोस, वकिलाला थांबव, आणि रविवारी आलास की आधी खाली त्यांच्याकडे जा. पोळ्या घेऊन जाऊ नकोस, मोकळ्या हाताने जा आणि माफी माग. मग वर ये. येताना माझ्यासाठी जेवण घेऊन ये, कुठलंही चालेल. मला एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं गरम जेवायचंय.

दमलेली, पण तुझीच,
आई