ओढ्याकाठची वाळुंजं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. वर्गात तुमच्यासमोर दोन वाक्यं बोलतानाही माझी जीभ अडखळायची. पण हल्ली शाळेमागचा ओढा सारखा आठवतो. हिंजवडीकडे कंपन्यांच्या बस नुकत्याच धावू लागल्या होत्या, आजूबाजूच्या शेतांत इमारती उठत होत्या आणि त्यांचा राडारोडा ओढ्यात येऊन पडत होता. शनिवारी शाळा सुटली की तुम्ही आम्हाला तिथे न्यायचात. कॉलनीतले निवृत्त काका कुदळी घेऊन यायचे. आम्ही काठावर माजलेली घाणेरीची झुडपं उपटायचो आणि तुम्ही घरी दुधाच्या पिशव्यांत वाढवलेली वाळुंजाची, उंबराची रोपं काठाला लावायचो. एकदा मी हौसेने नर्सरीतून गुलमोहर आणला. तुम्ही तो हातात धरून म्हणालात, "छान आहे. मंगल कार्यालयाबाहेर लाव. इथं माती धरून ठेवणारं झाड हवंय." सगळे हसले. मी कितीतरी दिवस तुमच्यावर रुसले होते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

झाडं जगली. काठावर सावली पडू लागली, खंड्या येऊन बसू लागला. मग त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पाणी घालायला बादल्या घेऊन पोचलो, तर काठ पार खरवडलेला. जेसीबी अजून चालूच आहे आणि तुम्ही पदर खोचून चिखलातून त्याच्यापुढे धावताय. "अहो, थांबवा! मुलांनी लावलेली झाडं आहेत ही!" ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला. विदर्भातून आलेला तरुण होता. "मॅडम, मले तं नाला साफ कराले सांगतलं. कोनी लावले, मले मालूम नोतं." तो खरंच ओशाळला होता. तुम्ही म्हणालात, "तुम्हाला कोण सांगणार? आम्हालाही कुणी विचारलं नाही." मग आमच्याकडे न बघता, "बादल्या उचला. उन्हात उभं राहू नका."

पावसाळ्यात तुम्ही पुन्हा रोपं लावलीत. आमची दहावी आली, घरच्यांनी आम्हाला ओढ्यावर सोडणं बंद केलं. पुढे दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत झाली, रोप लावायला माती उरली नाही. नोकरी लागल्यावर पेढे द्यायला आले, तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात. स्वयंपाकघरात चहा टाकताना तुम्ही हळूच म्हणालात, "गॅलरीत बघ." तिथे ओळीने पिशव्या, प्रत्येकीत रोप. "सवयीने लावत गेले. आता यांना घेऊन कुठं जाऊ गं?" मी एका पिशवीतली माती बोटाने दाबून पाहिली. तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात, कंपनीच्या कामावर होते. बातमी ईमेलने कळली. वाचून मी मीटिंगला गेले, कारण दुसरं काय करायचं ते समजेना.

परवा माझी मुलगी शाळेतून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आली. त्यांच्या शाळेनेही जवळचा एक ओढा दत्तक घेतलाय, काठाला झाडं कशी लावायची ते शिकवायला स्वयंसेवक येतात. तिने हात माझ्या नाकाशी धरला. "आई, वास बघ. निर्गुडी! माहितीये तुला?" मग जेवताना विचारलं, "पुढच्या वर्षी केवढी होतील गं झाडं?"

तुमच्या घरी आता दुसरंच कुणी राहतं, हे पत्र तिथे पाठवण्यात अर्थ नाही. पण तुम्हाला सांगते, बाई, मी तिला म्हटलं, "तुझ्याहून उंच." आणि जेसीबीचं काही तोंडून निघायच्या आत ताटं उचलून आत निघून गेले.