समन्स परत आलं

३ नोव्हेंबर

तपास-न्यायाधीश म्हणून मी काढलेलं समन्स पुन्हा परत आलं. हवालदार तानिउस टोपी हातात घेऊन उभा — "बाई, घर सापडलं नाही." माजी मंत्र्याचं घर! बैरूतपासून त्याच्या गावापर्यंत खांबाखांबावर त्याचा फोटो आहे.

"खरं सांग," म्हटलं.

"वेशीवर पोरं बसलीत. विचारतात, तू आमच्यातला की त्यांच्यातला? माझी सासुरवाडी तिथलीच, बाई."

रागावले नाही. रागवायला हवं होतं बहुधा.

५ नोव्हेंबर

मंत्र्याच्या काळात बांधलेला पूल कोसळला, त्याखाली मेले ते सगळ्या पंथांचे होते. आता मेलेलेही वाटून घेतलेत — आमचे, तुमचे. मंत्र्याच्या टीव्हीवर मी 'परक्यांची हस्तक'. विरोधकांच्या टीव्हीवर 'आमची वाघीण'. या दुसऱ्या नावाचीच जास्त भीती वाटते.

६ नोव्हेंबर

उम्म नबील, म्हणजे नबीलची आई, कचेरीत आल्या. त्यांचा नबील पुलाबरोबर गेला. मंत्र्याच्याच गावच्या, तरी भेसळीच्या सिमेंटबद्दलची पहिली साक्ष त्यांची. झातरचा मसाला लावलेल्या गरम रोट्या पुढे केल्या. "खा पोरी, गालफडं बसलीत तुझी."

"गावात त्रास देतात?"

"बेकरीवाला पाव देत नाही. मग घरीच भाजते." हसल्या.

९ नोव्हेंबर

मला तपासावरून हटवावं म्हणून मंत्र्याच्या वकिलाचा अर्ज. तो माझ्या हाती पडला की त्यावर निकाल लागेपर्यंत माझं काम बंद — कायदाच तसा. समन्स मंत्री घेत नाही, अर्ज मी घेत नाही. मागच्या जिन्याने ये-जा करते. बेल वाजली की श्वास रोखून बसते. आणि म्हणे न्यायाधीश.

११ नोव्हेंबर

आजही दार उघडलं नाही.

१२ नोव्हेंबर

मंत्र्याचं अटक वॉरंट टाइप होऊन आलं. पोलीसप्रमुखांचा फोन — "काढा की वॉरंट. पण पाठवू कुणाला? माझी अर्धी माणसं जाणार नाहीत. उरलेली फार खुशीनं जातील."

खरं बोलले, म्हणून जास्त झोंबलं. तरी उद्या सही करणार. आता मागे फिरले तर उम्म नबीलना कुठल्या तोंडाने भेटू?

१३ नोव्हेंबर

सकाळी बेल. दाराच्या भोकातून पाहिलं — उम्म नबील. लगेच उघडलं.

त्यांच्या हातात वकिलाचा अर्ज होता.

"माझा धाकटा मुलगा अजून गावातच राहतो, पोरी."

मी अर्ज घेतला. पोच दिली. वॉरंटवर सहीची जागा तशीच कोरी आहे.