दोन उजेडांच्या मधला

जपान,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय जयावहिनी,

सप्रेम नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र अनिताच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवते आहे. ती छापून बंद पाकिटात तुझ्या हाती देईल. वाचणार नाही असं तिनं शपथेवर सांगितलंय. तिच्या शपथा तुला ठाऊकच आहेत.

इथे थंडी मी म्हणतेय. भात रोज खाते, पण त्याला आपल्या सापगावच्या भाताची सर नाही. झोडणी उरकली का? आईचा गुडघा कसा आहे? अक्षदाचे पुढचे दात आले का? येत्या रविवारी सहा वर्षांची होईल ती. त्या वाढदिवसाचंच बोलायचंय, पण आधी कामाचं सांगते. रागावू नकोस.

गणपतीत घरी आले तेव्हा भाकरी थापता थापता तू विचारलंस, "तिकडं करता तरी काय गो तुमी?" मी तोऱ्यात म्हणाले, दोन उजेड एकमेकांवर आपटतो आणि त्यातून वस्तू जन्मते. तुझा हात थांबला. दादा सिद्धगडाच्या कड्यावरून पडून गेला, त्याचं वर्षश्राद्धही तेव्हा व्हायचं होतं.

आता नीट ऐक. आमच्या यंत्रात दोन कण समोरासमोरून येतात आणि एकमेकांना न शिवता निघून जातात. आपटतो तो फक्त त्यांच्या अंगचा उजेड. त्यातून मेसॉन नावाचा कण होतो आणि 'आला' म्हणेपर्यंत फुटतो. आम्हाला दिसतात ते त्याचे तुकडे. त्यांवरून आलेला कोण होता ते ओळखायचं, हे माझं काम. तो उजेड भयंकर जोराचा असतो. घरातल्या दिव्यांचा उजेड एकमेकांतून आरपार जातो. ओटीवरचा दिवा आणि अंगणातून दादाच्या गाडीचा हेडलाइट समोरासमोर लावून काही जन्मत नाही, वहिनी.

तू तसे दिवे लावतेस हे कळलं, त्या पहिल्या फोनवरच मी हे सांगितलं होतं. तू म्हणालीस, "मंग माज्यासमोर उभा ऱ्हातो तो कोण?" पुढच्या फोनला म्हणालीस, "आज उंबऱ्याच्या आत आला. बोलत नाय, निसता बघतो." आणि शेवटी म्हणालीस, "वाढदिवसाला अक्षदाला त्याच्या मांडीवर बसवीन. बापाची मांडी कशी असते, कळू दे पोरीला." मी ओरडले. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

तुला वेड लागलंय असं वाटून मी ओरडले नाही. मी घाबरले होते. त्याच्या आदल्याच दिवशी, दिवेलागणीला, मी माझ्या खोलीत टेबलावरचा दिवा लावला आणि समोर टॉर्च ठेवली. एवढी शिकलेली बाई आणि हे चाळे, म्हणून स्वतःलाच हसत होते. पण खरं सांगते, दादाला एकदा बघायचं होतं. त्याला अग्नी दिला तेव्हा मी पोचले नव्हते ना.

तो आला. तोच निळा शर्ट, तशीच कललेली मान. मी रडत रडत दादा म्हटलं, तसा तो एक पाऊल पुढे आला. ओळख पटवायची माझी सवय जात नाही. नजर आपोआप खाली गेली.

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या कापणीत दादाच्या डाव्या पायाची करंगळी विळ्यानं गेली. तूच पदर फाडून बांधला होतास.

त्या पायाला पाचही बोटं होती.

वहिनी, तो दादा नाही. आपल्याला दादा हवाय, एवढंच त्याला कळलंय. तू चेहराच बघत राहिली असशील. आता पाय बघायला म्हणूनसुद्धा दिवे लावू नकोस. गाडीची बॅटरी काढून टाक. अक्षदाला घेऊन आजच्या आज मुरबाडला, तुझ्या माहेरी जा.

मी एकाच दिव्यात हे लिहिते आहे. समोरच्या इमारतीत दिवा लागला की पडदा ओढून घेते. पडद्याला फट राहते.

अक्षदाला आत्याचा पापा. तिला तिच्या बापाच्या गोष्टी सांग, हव्या तेवढ्या सांग. बाप दाखवू नकोस.

करंगळी नसलेल्या हरेशची बहीण,
हर्षाली